बॅकवॉटरला ८ सीटर बोट घेतोय, लाईफ जॅकेट किती आणि कोणती घ्यावी?

टोमॅटोवाला_भाचा

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला माझ्या मामांची शेती आहे, टोमॅटो आणि थोडी द्राक्षं, आणि दोन वर्षांपासून घराशेजारी चार खोल्या काढून कृषी पर्यटन सुरू केलंय. शनिवार-रविवार मुंबई-ठाण्याची पब्लिक येते, चुलीवरचं जेवण, सकाळी मिसळ, थंडीत हुरडा असं चालतं. आता जो येतो तो विचारतो की समोर एवढं पाणी आहे मग बोटिंग का नाही. तर मामांनी मनावर घेतलंय. फायबरची ८ सीटर सेकंडहँड बोट मिळतेय, २५ एचपीचं आउटबोर्ड इंजिन, आणि विकणारा म्हणतो वर १० लाईफ जॅकेट फ्री देतो.

ती जॅकेट मी परवा जाऊन बघितली. सगळी एकाच मापाची, केशरी रंग उडून पार वरणासारखा पिवळट झालेला, दोघांची बकलं तुटलेली म्हणून तिथे सुतळी बांधलेली (तीच, टोमॅटो बांधायची), आणि एक दाबून बघितलं तर आतून चुरचुर आवाज आला. मामांना म्हटलं ही नको. तर मामा म्हणे, "अरे आपल्याला काय समुद्रात जायचंय का, काठाकाठानं एक चक्कर मारून आणायची. आणि लोकं घालतात कुठं, फोटो काढून झाला की काढून मांडीवर घेऊन बसतात."

आता मामांना समजावायचं तर मला स्वतःला तरी नीट माहीत पाहिजे ना. किती जॅकेट लागतात, पोरांची वेगळी असतात का, ऑनलाइन बघितलं तर ५० न्यूटन १०० न्यूटन असलं काहीतरी लिहिलेलं असतं ते काय प्रकरण आहे, आणि जॅकेट सोडून बोटीत अजून काय पाहिजे. कायद्याचंही कोणाला माहीत असेल तर सांगा. मामांना वाटतंय ग्रामपंचायतीचा दाखला घेतला की झालं.

दर्या_ते_गोदा

भाचेराव, २६ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता इंदिरानगरला निवांत असतो, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. लांबेल जरा.

ती फुकटातली जॅकेटं घेऊच नका. चुरचुर आवाज म्हणजे एक तर आत थर्माकोल आहे नाहीतर फोमचा चुरा झालाय. फोम उन्हानं मरतो, आणि सगळ्यात जास्त मरतो तो लोक जॅकेटवर बुड टेकून बसतात म्हणून, दबून दबून त्यातली हवा जाते आणि मग बाहेरून अख्खं दिसणारं जॅकेट पाण्यात निम्मंच तरंगतं. सुतळीबद्दल तर बोलतच नाही.

न्यूटनचं सोपं आहे. जॅकेट माणसाला पाण्यात किती जोरानं वर ढकलतं त्याचं ते माप. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोची उचल. पाण्यात माणसाचं वजन फारसं उरत नाही, ८० किलोच्या गड्यालासुद्धा नाकतोंड वर ठेवायला चार-पाच किलोची उचल पुरते. त्यामुळे ५० न्यूटनवालं पण तरंगवतं, पण ते ज्याला पोहता येतं आणि जो शुद्धीवर आहे त्याच्यासाठी, कयाकवाले (छोटी वल्ह्याची होडी चालवणारे) घालतात ते. माणूस पडताना डोक्याला बोटीची कड लागली, बेशुद्ध झाला, तर ५० वालं त्याला पालथाच तरंगत ठेवेल. मग तरंगून उपयोग काय. १०० वालं शांत, आडोशाच्या पाण्यासाठी. १५० वाल्याला मानेमागे जाड कॉलर असते, फोम छातीवर आणि मानेमागे, पाठीला जवळजवळ काही नाही, त्यामुळे पालथा माणूस आपोआप उताणा होतो आणि तोंड पाण्याबाहेर येतं. मान टेकायला उशी असल्यासारखं. तुमच्याकडे येणारी पब्लिक पोहता न येणारी असणार, तेव्हा कॉलरवालंच घ्या, १०० च्या खाली जाऊ नका, १५० मिळालं तर उत्तम. आतल्या बाजूला लेबल असतं, त्यावर किती वजनाच्या माणसासाठी ते लिहिलेलं असतं. डीजी शिपिंगची (केंद्राचं जहाज खातं) मंजुरी किंवा आयआरएसचा (जहाजं तपासणारी भारतीय संस्था) शिक्का आहे का बघा. ज्याला लेबलच नाही ते जॅकेट नाही, नुसती केशरी बंडी.

किती घ्यायची तर बोटीत जितकी डोकी तितकी, बोट चालवणारा धरून, आणि वर दोन-तीन जादा. पोरांची वेगळीच लागतात. समुद्रावरच्या प्रवासी जहाजांना सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा कराराच्या नियमानं प्रवाशांच्या १० टक्के जॅकेट मुलांची ठेवावी लागतात, पण तुमच्याकडे सुट्टीतली कुटुंबं येणार, तिथे १० टक्के कसे पुरतील, ८ माणसांत तीन-चार पोरं असणारच. तेव्हा १५ किलोपासून पुढची दोन-तीन मापं ठेवा. मांडीवरचं तान्हं बाळ बोटीत घेऊच नका, आजी कितीही आग्रह करो.

जहाजावरच्या जॅकेटाची एक अट मला फार आवडायची. ज्या माणसानं आयुष्यात कधी जॅकेट बघितलं नाही त्याला ते कोणाच्या मदतीशिवाय एका मिनिटात नीट घालता आलं पाहिजे. तुम्ही विकत घ्यायच्या आधी मामींना घालायला द्या, मोबाईलवर वेळ लावा.

कायद्याचं थोडक्यात. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आलाय. इंजिन लावलेली बोट म्हटली की सर्वे, नोंदणी, इन्शुरन्स, आणि चालवणाऱ्याकडे सर्टिफिकेट. महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. शिवाय धरण जलसंपदा खात्याचं, आणि हे तर नाशिक शहराच्या पिण्याचं पाणी, त्यांची परवानगी वेगळी. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बोट नाही चालत हो मामासाहेब. चालवायला जो पोरगा ठेवणार असाल त्याला गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत कोर्सला पाठवा, तिथे पॉवर बोट चालवणं आणि जीवरक्षण दोन्ही शिकवतात.

पंचवटी_एक्स्प्रेस

एवढा खटाटोप? आम्ही पाठीला वाळलेला भोपळा बांधून गोदावरीत पोहायला शिकलो, काकानं पायरीवरून ढकललं आणि आलं पोहायला. पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायचं आणि त्याच पाण्यात पोरं उड्या मारायची. आजकाल गुडघाभर पाण्यात पण जॅकेट. लोकांनी पोहायला शिकावं, जॅकेटनं माणूस आळशी होतो.

मखमलाबादची_आई

मला पोहता येतं, रोज जाते स्विमिंगला, तरी सांगते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका धरणावर (नाव नाही लिहीत) आम्ही दोन कुटुंबं बोटीत बसलो. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, १६ किलो. त्याला मोठ्यांचंच जॅकेट घातलं, म्हणे ताई सगळ्यांना तेच बसतं. पट्टे पूर्ण ओढले तरी पोट आणि जॅकेटच्या मध्ये माझी मूठ जात होती. बोट काठाला लागत होती तेव्हा हा उभा राहिला, बोट जेट्टीला आपटली आणि हा पाण्यात. काठाजवळ, पाणी माझ्या छातीइतकंच असेल.

मी लगेच उडी मारली. वर काय आलं माहितीय, जॅकेट. जॅकेटची कॉलर त्याच्या डोक्याच्या वर, दोन्ही हात वर झालेले आणि तो आतून खाली सरकत चाललेला, चेहरा त्या केशरी फोमच्या आत पाण्यात. ओरडला नाही, काही नाही. मी जॅकेट धरून ओढलं असतं तर नुसतं जॅकेटच हातात आलं असतं. शर्टाला धरून काढला. सगळं मिळून दहा सेकंद असतील, पण तेव्हापासून ते जॅकेट तसं रिकामं वर येताना दिसतं मला झोपेत.

म्हणून दादा, पोरांच्या जॅकेटला दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा असतो तो असलेलंच घ्या. आणि घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून पोराला उचलून बघायचं, हनुवटी आणि कान जर जॅकेटच्या आत जायला लागले तर ते माप त्याचं नाही. आमच्या बोटवाल्यानं हे दहा सेकंदांचं काम केलं असतं तर कळलंच असतं.

अजून एक बायकांच्या बाजूनं. साडीवर मधला पट्टा लावता येत नाही, म्हणून साडीवाल्या बायका जॅकेट नुसतं खांद्यावर घेऊन बसतात, बकल लावतच नाहीत. त्यांच्यासाठी कमरेचा रुंद पट्टा असलेलं ठेवा, पदर आधी खोचायला सांगा आणि जॅकेट पदराच्या वरून, पदर जॅकेटच्या वरून नको. आणि प्लीज ती धुवा हो! ओल्या, घामट वासाची जॅकेट असतात म्हणूनच कोणी घालत नाही.

टोमॅटोवाला_भाचा

ताई, वाचून पोटात गोळा आला. मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, नुसते उठून बाहेर गेले. मामांची नात चार वर्षांची आहे.

काका, तुमचं पण सगळं लिहून घेतलंय. मामींनी माझ्या मित्राचं लाईफ जॅकेट घालून बघितलं, एक मिनिट चाळीस सेकंद लागले, आणि उलटं घातलं होतं.

काठावरचा

मी गणपती विसर्जनाला आणि पुरात बचावाच्या टीमबरोबर असतो, स्वयंसेवक म्हणून. @पंचवटी_एक्स्प्रेस भाऊ, पोहायला शिकावं हे शंभर टक्के बरोबर, पण जॅकेट त्याच्या जागी नसतं. आम्ही ज्यांना बाहेर काढतो त्यात पट्टीचे पोहणारे किती असतात तुम्हाला खोटं वाटेल. जीन्स, बूट, अचानक पडल्यावर घशात गेलेलं पाणी, त्यात दुसरा कोणी येऊन गळ्याला मिठी मारतो. तुमचा भोपळा पण तेच काम करत होता की, भोपळा म्हणजे तेव्हाचं जॅकेटच.

आणि उदाहरणं लांब कशाला शोधायची. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्या पोरांचा शोध घ्यायला धुळ्याहून एसडीआरएफची (राज्याचं आपत्ती बचाव दल) तुकडी आली होती, त्यांचीच बोट भोवऱ्यात उलटली आणि तीन जवान गेले. ट्रेनिंग झालेली माणसं. वाहतं पाणी, बंधाऱ्याखालचं पाणी हे वेगळंच जनावर आहे. भाचेसाहेब, सांडव्याच्या बाजूला आणि गेट उघडलेले असताना तुमची बोट अजिबात नको.

त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे तर तलाव, लाटा नाहीत काही नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नाही. आणि १८ डिसेंबरला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नेव्हीची स्पीडबोट धडकली, १५ माणसं गेली. त्यानंतर गेटवेला बोटीत पाय ठेवायच्या आधी जॅकेट घालायची सक्ती झाली. टक्कर झाल्यावर सीटखालून जॅकेट काढून, गाठ सोडून, घालायला वेळ मिळत नाही हो कोणाला. तुमच्या मामांना एवढंच सांगा की सगळ्यांची बकलं लागल्याशिवाय इंजिनची दोरी ओढायची नाही, आणि चालवणाऱ्यानं स्वतः पहिलं घालायचं. त्यानं नाही घातलं तर गिऱ्हाईक कधीच घालणार नाही.

जॅकेट सोडून माझ्या लेखी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे फेकायची दोरी. १५-२० मीटर दोरी एका पिशवीत भरलेली असते, एक टोक हातात धरायचं आणि पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची, दोरी उलगडत जाते आणि त्याच्या अंगावर पडते. मग ओढायचं, बस. लोकांना आधी उडी मारायची घाई असते. पहिलं काठी, वल्हं, दोरी, रिंग (तरंगणारं कडं) जे हाताला लागेल ते, उडी सगळ्यात शेवटी आणि ती पण जॅकेट घालूनच. ताईंनी उडी मारली ते आई म्हणून, आणि पाणी छातीएवढं होतं म्हणून ठीक.

आणि हे पण खरंय की बुडणारा माणूस ओरडत नाही. पिक्चरमध्ये हात हलवून वाचवा वाचवा करतात तसं नसतं, श्वास घ्यायलाच तोंड वर येत नाही तर ओरडणार कसा. म्हणून बोटीवर एकाचं लक्ष कायम माणसांवर पाहिजे, रीलवर नाही.

जाळं_आणि_ट्यूब

आमचं घरच धरणाच्या पाण्यावर आहे, बाप मासेमारी करायचा, मी पण करतो. खरं सांगू का, आम्ही ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो, जॅकेट कोणाकडं नाही. माझी पण लाजच वाटली हे सगळं वाचून.

पण भाचेभाऊ, मामा काठाकाठानं म्हणतात ना त्यावर सांगतो. काठच वाईट असतो. पाणी उतरलं की खाली जुन्या वावराचे बांध, झाडाची खोडं, कुठं बुडालेल्या विहिरीचा कठडा, वरून काही दिसत नाही आणि इंजिनचा पंखा तिथंच आदळतो. बोट गपकन थांबती आणि पुढं उभा राहिलेला सेल्फीवाला थेट पाण्यात. वरून गाळ. कमरेएवढं पाणी असलं तरी खाली मांडीएवढा गाळ, पाय काढायला गेलं की दुसरा रुततो. तिथं पोहणारा आणि न पोहणारा सारखाच.

दुसरं वारं. एप्रिल-मे मध्ये दुपारी चारनंतर आभाळ भरून आलं की बोट काढायचीच नाही, पाणी शांत दिसलं तरी नाही. वळवाचं वारं दहा मिनिटांत येतं, आणि बॅकवॉटर लांबच लांब मोकळं असल्यामुळं लाट उठायला काही अडथळा नसतो. उजनीला मे २०२४ ला तेच झालं ना, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वाऱ्यानं उलटली, सहा माणसं गेली, एक पोहून आला. रोजची जायची-यायची वाट होती ती लोकांची. आमचा बाप म्हणायचा घारी खाली उतरल्या की जाळं गुंडाळ. मी आता मोबाईलवर पण बघतो, पण घारी जास्त खऱ्या निघतात.

दर्या_ते_गोदा

वा, हे माझ्या २६ वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, घारींचं.

भाचेराव, काल राहिलेलं लिहितो. इंजिनला एक लाल गुंडाळीची तार असते, एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं. तो पडला की तार निघते आणि इंजिन बंद. ती नसली की माणसाशिवायची बोट गोल गोल फिरत पडलेल्यांच्याच अंगावर येते, पंख्यासकट. सेकंडहँड बोटीत ही तार हमखास हरवलेली असते, विकणाऱ्याकडे आधी ती मागा, फुकट जॅकेट नको म्हणा.

रिंग घ्याच, एक बोटीत आणि एक जेट्टीवर. खरी रिंग कडक असते, बाहेरून ८०० मिलिमीटरपेक्षा मोठी नाही, आतून ४०० पेक्षा लहान नाही, वजन अडीच किलोच्या खाली नाही. फुगवायची पोहण्याची ट्यूब म्हणजे रिंग नव्हे. फेकताना डोक्यावर मारू नका कोणाच्या, अडीच किलो आहे. बाकी दोन वल्ही (इंजिन बंद पडणारच, कधी ना कधी), पाणी उपसायला डबा, नांगर, पेट्रोल आहे म्हणून पावडरचा अग्निशामक, बॅटरी (टॉर्च), प्रथमोपचार पेटी, प्रत्येक जॅकेटला शिट्टी. मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, ११२ आणि १०८ हे मदतीचे नंबर मोठ्या अक्षरात बोटीतच रंगवून टाका.

आणि एक गोष्ट उलटी वाटेल. बोटीला उन्हासाठी पक्कं छत आणि बाजूला पडदे लावायचा मोह होईल, लावू नका. बोट उलटली की जॅकेट घातलेला माणूस वर ढकलला जातो आणि वर असतं छत. खाली बुडी मारून बाहेर यायचं तर जॅकेट बुडी मारू देत नाही. उघडी बोट बरी, डोक्यावर टोप्या द्या. सगळ्यांनी एकाच बाजूला जाऊन फोटो काढायचा नाही हे तर आलंच. ३० सप्टेंबर २००९ ला थेक्कडीला बोट कलंडली, ४५ जण गेले, काठावरचे प्राणी बघायला लोक एका बाजूला धावले होते.

पंचवटी_एक्स्प्रेस

भोपळा म्हणजे तेव्हाचं जॅकेटच, हे पटलं बुवा. मागे घेतो. पण काकानं ढकललं ते पण बरोबरच होतं.

टोमॅटोवाला_भाचा

अपडेट देतो, आठवडा झाला.

विकणाऱ्याकडे ती लाल तार मागितली तर म्हणे "ती काय लागत नाय." तिथेच मामांचं मन फिरलं. बोट थांबवलीय, आधी मेरीटाइम बोर्ड आणि जलसंपदाचं काय ते बघणार, मग बोट.

पण जॅकेट मात्र आणली. मोठ्यांची चार कॉलरवाली आणि पोरांची दोन. आणि त्या विकणाऱ्याची दोन जुनी पण मागून आणली होती ट्रायलला. रविवारी शेततळ्यावर सगळं खानदान जमलं. जुनं जॅकेट मामांनी एका वाळूनं भरलेल्या कॅनला बांधून सोडलं, आधी तरंगलं मस्त, मामा माझ्याकडे बघून हसले. जेवून आलो दीड तासानं तर कॅन तळाला आणि जॅकेटची फक्त एक पट्टी वर. बाहेर काढलं तर पिळल्यावर बादलीभर पाणी निघालं, आत अंथरुणातला स्पंज भरलेला होता. मामांनी तिथेच विळ्यानं दोन्ही फाडली म्हणजे कोणी परत वापरायला नको.

नातीला खांद्याला धरून उचलून बघितलं ताईंनी सांगितलं तसं, छोटं बसलं तिला, मोठ्या मापात कान आत गेले.

काठावरचा

शेततळ्यात ट्रायल? भाचेसाहेब, प्लास्टिकचा कागद टाकलेलं तळं आहे का? तिथे पोरं उतरवली का पाण्यात? बोटीपेक्षा मला त्याची भीती वाटते. आपल्याकडे शेततळ्यात बुडाल्याचे फोन मला धरणापेक्षा जास्त येतात. त्या कागदावर शेवाळ धरतं, उताराला पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूस पण काठाला हात लावून लावून दमतो आणि बाहेर येऊ शकत नाही. वाचवायला गेलेला पण आत.

टोमॅटोवाला_भाचा

कागदच आहे, ५०० मायक्रॉनचा. पोरांना नाही उतरवलं, पण मी उतरलो होतो जॅकेट घालून, आणि बाहेर येताना तीनदा घसरलो. शेवटी मामांनी टोमॅटोचा क्रेट दोरीला बांधून सोडला त्यावर पाय देऊन आलो. तेव्हा सगळे हसत होतो.

तुमचं वाचून आता तळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेली दोरी सोडलीय, एक टोक वर खांबाला. आणि बोटीसाठी आणलेली रिंग जाळीच्या फाटकाजवळ खुंटीला टांगलीय, नात रोज मोजते किती आहेत, एकच आहे तरी.

जाळं_आणि_ट्यूब

दोरी कुठली लावली भाऊ?

टोमॅटोवाला_भाचा

घरातली होती पडून, नायलॉनची, जाड आहे चांगली.

जाळं_आणि_ट्यूब

तळ्यातली चालती मग, ती खांबाला बांधलेली आहे. पण रिंगेला नायलॉन लावू नका, नायलॉन पाण्यात बुडतो, खाली गेलेली दोरी पोराला सापडत नाही आणि बोटीला लावली तर पंख्यात जाती. पीपीची (पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकची) घ्या, पिवळी-निळी मिळती ती, पाण्यावर तरंगती. जाळ्याच्या वरच्या कडेला आम्ही तीच लावतो.

टोमॅटोवाला_भाचा

आणली. पिवळी. २० मीटर. बादलीत टाकून बघितली, तरंगते.